लेकीच्या गाडीचं माप

तरोडा नाका, नांदेड
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय ग्यानोबाराव व्याही,

नमस्कार-चमत्कार सगळे झाले असं समजा, कारण बातमी पोटात मावत नाही. सूनबाईने मोटार घेतली! घेतली म्हणजे नोंदवली. विजेवर चालणारी, पांढरी. धूर नाही, आवाज नाही, गिअर नाही. मला विचारलं नाही आणि बालाजीलाही नाही. आमच्या चिरंजीवांना पावती दाखवल्यावर कळलं आणि ते अर्धा तास नुसते पावतीकडे बघत बसले. तुमच्या लेकीला हे तुम्ही शिकवलं असेल तर तुमचं अभिनंदन, नसेल तर तिचं.

आठ वर्षं झाली, ती लोह्याला गुरांची डॉक्टर म्हणून रोज स्कूटीवरून जाते. ऊन असो, चिखल असो, डिकीत सुया आणि औषधं. आता गाडीत बसून जाणार. गुढीपाडव्याला गाडी दारात, असं शोरूमवाल्यांनी कबूल केलं आहे.

हे फोनवर का सांगितलं नाही, असं विचाराल. माझा मोबाइल माझ्यापेक्षा सूनबाईच्या हातात जास्त असतो. तीच तो चार्ज करते, तीच नको ते फोटो पुसते. आणि मला जे बोलायचं आहे ते गुप्त आहे. पोस्टमन दुपारी येतो, तेव्हा ती लोह्याला असते. म्हणून पत्र.

तर मुद्दा असा. तिने घेतलेल्या प्रकाराला कंपनी साधी लोखंडी चाकं देते आणि त्यावर प्लॅस्टिकची व्हील कॅप. मी शोरूममध्ये जाऊन बघितली. हुबेहूब जर्मनच्या डब्याचं झाकण! तीस वर्षं मुखेडच्या शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस हे दारात बघून कसा जगेल? बाजारात अलॉयची चाकं मिळतात. ती आपण गुपचूप आणू आणि गाडी आली की त्याच दिवशी बसवू. मला चाकातलं शून्य कळतं, पण तुमची सगळी नोकरी एस.टी.च्या टायर सेक्शनला गेली. सोबत चौदा नमुने काढून पाठवतो आहे. निवडा.

आणखी एक, दरवेळी म्हणतो तेच. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही तुमच्या मातोश्रींची रीत. नऊ वर्षं झाली. लग्न नांदेडला केलं ते का, आठवा. लातूरला तेव्हा रेल्वेने पाणी येत होतं. अख्खं वऱ्हाड आमच्या टँकरचं पाणी पोटभर प्यालं आणि वधूपिता तेवढा कोरडा. पुरे करा आता.

सौ. सिंधुवहिनींना नमस्कार.

तुमचा,
आदिनाथ पवळे

०

खाडगाव रोड, लातूर
१५ फेब्रुवारी २०२५

गुरुजींना ग्यानोबाचा रामराम.

पत्र मिळालं. आधी मी वाचलं, मग सिंधुने वाचलं, मग दोघांनी मिळून वाचलं. पोरीने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "बाबा, एखादी गाडी बघून राहिले." माझ्या खानदानात आजवर कोणी चारचाकीचा मालक झाला नाही. मी चौतीस वर्षं लाल गाड्यांची चाकं काढली आणि बसवली, पण त्या सगळ्या सरकारच्या. डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

आता तुमचे नमुने. पहिला बघून सिंधु म्हणाली, "हे तर झुमकं हाय." तिसऱ्याच्या काड्या एवढ्या बारीक आहेत की लोह्याच्या पुढे पहिल्याच खड्ड्यात मोडतील. सातव्यात तुम्ही मोर काढला आहे. गुरुजी, चाक फिरतं, मोर उलटा होईल. अकरावा त्यातल्या त्यात बरा, पण पाकळ्या जाड करा.

चाक म्हणजे दागिना नाही. विजेच्या गाडीत खाली बॅटरी असते, तिचं वजन फार. ते पेलणारं चाक पाहिजे. फार मोठं, फार रुंद घेतलं तर एका चार्जिंगवर गाडी कमी पळते. पोर एखाद्या आडगावात अडकेल. सोळा इंचाच्या वर जायचं नाही. हा माझा शेवटचा शब्द.

आणि चाकं माझ्याकडून. यात वाद नको. तुम्ही दिली तर ती घरातल्या घरात राहिली. आईने मला शपथ घातली ती काही न घेण्याची होती. देण्याला कोणी बंदी केलेली नाही. लग्नानंतर चौथ्या महिन्यात आई गेली, आता शपथ सोडवणारं माणूसच राहिलं नाही. मी येतो, तुमच्या ओट्यावर बसतो, माझ्या बाटलीतलं पाणी पितो, पोर आतून बघते. तुम्हाला वाटतं मला ते कळत नाही? लई कळतं. म्हणून चाकं तरी माझी असू द्या. रोज तिच्यासोबत फिरतील.

आपला,
ग्यानोबा चामले

०

तरोडा नाका, नांदेड
२६ फेब्रुवारी २०२५

प्रिय ग्यानोबाराव,

मोराबद्दलचा मुद्दा मान्य. पण तुम्ही त्याला उलटा म्हणालात ते लागलं.

वर्कशॉप कॉर्नरजवळ प्रीतम नावाच्या पोराचं चाकांचं दुकान सापडलं आहे. पोरगं गुणी आहे. भिंतीवर एकशेदहा चाकं टांगलेली! मी आत गेलो तो तीन तास बाहेरच आलो नाही. काळी आहेत, करडी आहेत, तांब्याच्या रंगाची आहेत. एक प्रकार आहे, त्याला ते डायमंड कट म्हणतात. त्यावर ऊन पडलं की ग्यानोबाराव, मी टोपी काढून उभा राहिलो. शेवटी प्रीतम म्हणाला, "काका, चहा तिसरा झाला. घेणार हाव का नुसतं दर्शन?" मी म्हटलं, महाशिवरात्र तोंडावर आली आहे, आज दर्शनच.

तेव्हापासून माझं काही खरं नाही. रस्त्याने माणसं दिसेनाशी झाली आहेत, नुसती चाकं दिसतात. परवा एका गाडीच्या मागे स्कूटर घालून वजिराबादपर्यंत गेलो. मालकाने गाडी थांबवली, काच खाली केली. "काय झालं काका? धडकलो का मी तुम्हाला?" मी म्हटलं, "न्हाई हो, तुमची चाकं बघून राहिलो." त्याने काच अशी घाईने वर केली की बस.

घरीही संशय आला आहे. प्रीतमने दिलेलं चित्रांचं पुस्तक मी गादीखाली ठेवतो आणि दुपारी दार लावून बघतो. आमच्या सौ.ने विचारलं, "या वयात गादीखाली काय लपवून राहिलात?" मी घाबरून पुस्तक उघडून दाखवलं. तिने दोन पानं उलटली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "ते काळं नको, नजर लागते म्हणून घालतात तसं दिसतं." आता कटात आम्ही तिघं आहोत. सिंधुवहिनी धरून चार. साठी बुद्धी नाठी म्हणतात, आपली सत्तरीला येऊन नाठी झाली.

चाकं तुमची, हे मला मंजूर. पण मी मुलाचा बाप आहे, मला एक अट घालायचा हक्क आहे. गाडी येईल त्या दिवशी तुम्ही नांदेडला यायचं, चाकं स्वतः बसवायची आणि आमच्याकडे पानावर बसायचं. ओट्यावर नाही. आत, माझ्या शेजारी. नाहीतर चाकं परत.

तुमचा,
आदिनाथ

०

खाडगाव रोड, लातूर
५ मार्च २०२५

गुरुजींना रामराम.

तुमची अट वाचून तीन दिवस झोप नाही. म्हणून मी गल्लीतल्या भजनी मंडळापुढे प्रश्न टाकला. लेकीच्या घरी पाणी चालत नाही. पण लेकीची गाडी हे लेकीचं घर होतं का? टाळ बाजूला राहिले, रात्रभर वाद. एक म्हणे, तिच्या नावावर आहे म्हणजे तिचंच. दुसरा म्हणे, मग तिच्या स्कूटीला तुम्ही हात लावलाच होता, तो कसा चालला? शेवटी आमच्या शेजारच्या नागम्मा उठल्या. निलंग्याच्या पलीकडच्या आहेत, ऐंशीच्या पुढे वय, त्यांच्यापुढे कोणी बोलत नाही. म्हणाल्या, "घराला उंबरा असतो का न्हाई? तुमच्या गाडीला उंबरा हाय का? न्हाई ना? मग प्या की पाणी, कशाला जीव घालवून राहिलात सगळ्यांचा!"

गुरुजी, मी उठून त्यांच्या पाया पडलो. गाडीत चालतं! मी गाडीत बसेन आणि पोरीच्या हातचं पाणी पिईन. चहासुद्धा पिईन. डबा आणला तर गाडीतच जेवेन. तुमच्या दारात गाडी उभी करा, तुम्ही आत बसा आणि मी गाडीत बसतो, खिडकीतून गप्पा मारू. अट पाळल्यासारखीच झाली की नाही?

आता कामाचं. माप घेतलं. तसलीच गाडी आमच्याकडे एका ट्यूशनवाल्या मास्तरांची आहे. क्लाससमोर उभी होती. मी कालचा पेपर आणि शिसपेन्सिल घेऊन गेलो, कॅप काढली, चाकावर पेपर लावला आणि नटांवरून पेन्सिल घासली. छाप लख्ख उठला. एवढ्यात वॉचमन धावत आला, "ओ बाबा, चाक चोरून राहिले का?" मागे नीटची चाळीस पोरं गोळा. मी म्हटलं, "बाळांनो, मी एस.टी.चा माणूस. चाक चोरायचं असतं तर तुम्हाला कळलंही नसतं." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

छाप सोबत पाठवला आहे. चार नट. घडी मोडू नका. प्रीतम पुस्तकात बघू म्हणेल, बघू देऊ नका. मी नोकरीत छापील कागदावर विसंबून दोनदा फसलो, हाताने घेतलेल्या मापाने कधीच नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?

आपला,
ग्यानोबा

०

तरोडा नाका, नांदेड
१८ मार्च २०२५

प्रिय ग्यानोबाराव,

घेतली!! चारही घेतली!

रंग करडा, कडेला डायमंड कट. आठ पाकळ्या आहेत आणि प्रत्येक पाकळी तुमच्या मनगटाएवढी जाड. तुमचा अकरावा नमुना आणि माझं मन, दोन्ही राहिलं. वजन पेलतं, सोळाच इंच आहे. प्रीतमने एकदोन शंका काढल्या, त्या मी तिथेच निकालात काढल्या. म्हटलं, आमचे व्याही एस.टी.चे आहेत, त्यांचा हात म्हणजे शिक्का.

चाकं दिवाणाखाली, गोधड्यांच्या मागे आहेत. दुपारी सूनबाई नसली की आम्ही दोघं एखादं बाहेर काढतो. काल मी एक चाक माजघरातून स्वयंपाकघरापर्यंत गडगडत नेलं. सौ. ओट्याशी उभी राहून त्याला परत पाठवत होती. चौथ्या फेरीला ते पिठाच्या डब्याला धडकलं. संध्याकाळी सूनबाई विचारते, "आई, डब्याला पोचा कसा आला?" सौ. म्हणाली, "उंदीर." सूनबाईने डब्याकडे बघितलं, पोच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढा उंदीर असेल तर मला इंजेक्शन आणावं लागेल."

पाडव्याला गाडी येत नाही. आता म्हणतात, अक्षय्यतृतीया. वाट बघून बघून आम्ही तिची पार्किंगची जागा दोनदा शेणाने सारवली.

एक गोष्ट लिहू की नको, असं झालं आहे. लिहितोच. तुमच्या नागम्मांचा निकाल मला इतका आवडला की न राहवून मी सूनबाईला सांगितला. चाकांचं नाही सांगितलं, फक्त उंबऱ्याचं. आधी ती खूप हसली. मग कपबशा उचलता उचलता म्हणाली, "म्हणजे माझ्या घरापेक्षा माझी गाडी बरी." आणि आत गेली. मी तिच्या मागे गेलो नाही.

तुमचा,
आदिनाथ

०

खाडगाव रोड, लातूर
२७ मार्च २०२५

गुरुजी,

तुमचं पत्र वाचल्यावर सिंधु माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मग बोलली ते न बोलण्यापेक्षा वाईट. म्हणाली, "सासू माझी व्हती, शपथ तुम्हाला घातली, आन् भोगून राहिली माझी पोर."

मी काय करू? आईने मरताना विचारलं होतं, "ग्यानू, पाळशील ना?" मी हो म्हटलं होतं. देव देईलच की पोरीला. नऊ वर्षांनी झालेली लेकरं आम्ही बघितली आहेत. मुरूडच्या आमच्या आतेबहिणीला तर बाराव्या वर्षी जुळं झालं. त्या दिवशी मी तुमच्या घरी नळाला तोंड लावून पाणी पिईन.

तोवर गाडीत.

हत्यारं काढून तेल दिलं. जॅक, पाना, रबरी हातोडा. दुकानातली मशीन नट पिळून टाकते, माझ्या पोरीच्या गाडीचे नट मी हाताने आवळणार. तारीख कळवा.

ग्यानोबा

०

तरोडा नाका, नांदेड
२० एप्रिल २०२५

प्रिय ग्यानोबाराव,

तुम्ही असे कसे निघून गेलात? मी स्टँडवर पोचलो तोवर लातूर गाडी निघाली होती. फोन लावला तर सिंधुवहिनींनी उचलला. म्हणाल्या, "ते कोणाशी बोलायला तयार न्हाईत." म्हणून परत पत्र, आता लपवण्यासारखं काही उरलेलं नसलं तरी.

अक्षय्यतृतीयेची वाट न बघता गाडी गुरुवारीच आली, तिथपर्यंत सगळं किती छान चाललं होतं! तुम्ही सकाळीच प्रीतमच्या दुकानात येऊन बसलात, इस्त्रीचं धोतर, शेजारी हत्यारांची पिशवी. मी सूनबाईला हवा तपासायच्या निमित्ताने तिकडे वळवलं. तुम्हाला बघून तिने गाडी रस्त्यातच थांबवली, मागचे सगळे हॉर्न वाजवत राहिले. तुम्ही चाकांवरची गोधडी ओढलीत तेव्हा तिचा चेहरा बघितलात ना? तो चेहरा खरा होता, पुढचं काही होवो.

मग तुम्ही पुढचं चाक काढलंत, आपलं उचललंत, लावलंत आणि ते बसेना. गाडीला पाच बोल्ट, चाकाला चार भोकं. तुम्ही दोनदा मोजलंत. मी चारदा मोजलं, जणू माझ्या मोजण्याने एखादा कमी होणार होता. मास्तरांची गाडी पेट्रोलची आणि आपली विजेची. दिसायला सारखी, पण खालचं सगळं वेगळं. तुम्ही "चुकलं" म्हणालात, काढलेलं चाक परत बसवलंत, नट आवळलेत, हात पुसलेत आणि चालू लागलात. सूनबाई हाका मारत होती.

आता माझा गुन्हा ऐका. प्रीतमने मला मार्चमध्येच विचारलं होतं, "काका, छाप पेट्रोलच्या गाडीचा तर न्हाई ना? इलेक्ट्रिकला पाच असू शकतात." मी त्याला गप्प केलं आणि तुम्हाला लिहिलं, शंका निकालात काढल्या. चाकं हातची जातील या भीतीने. मला ती फार आवडली होती हो! तुम्ही एकटे चुकला नाहीत, मी तुमच्या चुकीला पॉलिश केलं.

तुम्ही गेल्यावर सूनबाई तिथेच पायरीवर बसली आणि माझ्याकडून सगळं काढून घेतलं. दिवाण, गोधड्या, पिठाचा डबा. उंदराचं कळल्यावर तिने इतकं हसून घेतलं की प्रीतमने पाणी आणून दिलं. मग तुमचा पेपरवरचा छाप मागितला आणि पर्समध्ये ठेवला. तुम्हाला ती स्वतः लिहिणार आहे.

तुमचा अपराधी,
आदिनाथ

०

लोहा
२३ एप्रिल २०२५

प्रिय बाबा,

दवाखान्यात बसून लिहिते आहे. बाहेर गाडी उभी आहे आणि दोन म्हशी, एक वासरू आणि सरपंच तिला बघत आहेत. सकाळी एक आजी विचारत होत्या, "डॉक्टरीनबाई, आवाज न्हाई म्हणजे बंद पडली का?" मी त्यांना गावाला एक चक्कर मारून आणली. आता सगळ्या गावाला कुठे ना कुठे दुखायला लागलं आहे, सोडून या म्हणतात.

झाकणांच्या चाकांवर गाडी झकास पळते. हे सासऱ्यांना सांगू नका.

तुम्ही दोघांनी तीन महिने जे केलं ते ऐकून मला काय झालं हे सांगता येत नाही. मी आठवीत असताना तुम्ही मला डेपोत नेलं होतं आणि पंक्चर काढायला शिकवलं होतं, त्यानंतर तुम्ही माझ्यासाठी एवढ्या उड्या मारल्याचं मी ऐकलं नव्हतं. आणि एका नटाच्या फरकापायी तुम्ही मान खाली घालून निघून गेलात. चौतीस वर्षांत एकदा चुकलात, तर असं?

चाकांचं काय झालं सांगते. प्रीतमने ती परत घेतली आणि पाच भोकांची दिली. तशीच आठ पाकळ्यांची, करडी. मी त्याला बसवू दिली नाहीत. दिवाणाखाली ठेवली आहेत.

आता खरं लिहायचं ते लिहिते. तुमचा छाप माझ्यासमोर आहे. किती नीट काढला आहे! एकही रेघ हललेली नाही. फक्त गाडी दुसऱ्याची होती. बाबा, माझ्या घराचंही तुम्ही असंच केलंत. आजीने तिच्या काळातलं, तिच्या घराचं माप तुम्हाला दिलं आणि तुम्ही ते प्रामाणिकपणे माझ्या दाराला लावून बघता. बसत नाही, म्हणून ओट्यावर थांबता.

मला मूल होणार नाही. डॉक्टरांनी हे सांगून चार वर्षं झाली. बालाजींना माहीत आहे, सासू-सासऱ्यांना माहीत आहे. ते तुमच्याजवळ कधी बोलले नाहीत, कारण मीच त्यांना शपथ घातली होती. आपल्याकडे शपथा फार. तुम्हाला आणि आईला सांगितलं नाही, कारण तुम्ही वाट बघत होतात आणि मला वाटायचं, वाट तरी बघू दे. मी चार वर्षांपूर्वी जेवढं रडायचं तेवढं रडले. आता मी बरी आहे, खरंच बरी आहे. घरात हसणं असतं, भांडण असतं, पिठाच्या डब्याला पोचे असतात. ते पूर्ण घर आहे, बाबा. अर्धं नाही.

पण मग तुमची अट कधीच पुरी होणार नाही. तुम्ही कायम ओट्यावर आणि मी कायम आतून बघणार. मला गाडीत पाणी पिणारे बाबा नकोत.

येणार नसाल तरी मी दर रविवारी लातूरला येईन, आता गाडी आहे. रागावणार नाही. पण चाकं बसवणार नाही.

आईला सांगा, मीच फोन करेन.

तुमची,
सुकन्या

०

खाडगाव रोड, लातूर
२६ एप्रिल २०२५

चि. सुकन्यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या आईने वाचलं आणि माझ्याकडे दिलं. आम्ही दोघं अंगणात बसलो. मग ती उठून नागम्मांकडे गेली आणि मी एकटाच बसलो.

चार वर्षं तू एकटीने हे ठेवलंस. मला नातू झाला काय, न झाला काय, माझी पोर तू. हे मला सांगायला कोणी लागू नये, पण लागलं.

सकाळी मी आईच्या फोटोपुढे उभा राहिलो. म्हटलं, आई, तुझा शब्द नऊ वर्षं पाळला. आता माझ्या लेकीचा पाळतो. ती काही बोलली नाही. ती जिवंत असतानाही, एखादी गोष्ट पटली की गप्पच बसायची.

गुरुजींना सांग, माझा त्यांच्यावर राग नाही. चाकं मलाही आवडली होती. फार आवडली होती. आणि मोर काढायचाच असेल तर दारावर काढा म्हणावं, तिथे उलटा होणार नाही.

बुधवारी, अक्षय्यतृतीयेला, सकाळच्या गाडीने आम्ही दोघं येतो. चार दिवस राहू. हत्यारं आणतो, पाचही नट मोजून आवळतो. पण आल्या आल्या चाकांकडे नेऊ नकोस. उन्हातून येणार. आधी आत बसव आणि पाणी दे.

तुझा,
बाबा